साडीचा रंग सगळ्या स्क्रीनवर सारखा कसा ठेवायचा: वेबसाठी फोटो तयार करण्याची रीत

ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांच्या वाट्याला एक तक्रार हमखास येते. फोटोत वांगी दिसलेली साडी घरी पोचते तेव्हा काळपट जांभळी निघते, किंवा मोरपिशी म्हणून मागवलेली चक्क निळी दिसते. गिऱ्हाईक म्हणतं दुकानदाराने फसवलं, दुकानदार म्हणतो गिऱ्हाइकाचा मोबाइल बिघडलाय. बहुतेक वेळा दोघंही चूक असतात, आणि घोळ मधल्या वाटेवर कुठेतरी झालेला असतो: फोटो काढताना, फाइल सेव्ह करताना किंवा वेबसाइटवर चढवताना.

समोरच्याच्या स्क्रीनवर आपला ताबा नाही. कुणी ब्राइटनेस पूर्ण खाली आणून बघतं, कुणाच्या लॅपटॉपचा पडदा मुळातच फिका असतो. आपल्या हातात असते ती फाइल. तिच्यात योग्य आकडे असले आणि त्या आकड्यांचा अर्थही सोबत लिहिलेला असला, तर नीट सेट केलेल्या कोणत्याही स्क्रीनवर रंग जवळपास सारखा दिसतो. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीसाठी आहे. मी उदाहरणं साड्यांची घेतली आहेत, कारण रंगाची सगळी दुखणी तिथे एकत्र सापडतात. मातीची भांडी, चित्रं किंवा दागिने विकणाऱ्यांनाही रीत हीच.

आकडे आणि त्यांचं एकक

फोटोतल्या प्रत्येक बिंदूसाठी फाइलमध्ये तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकी ० ते २५५. समजा एका बिंदूचे आकडे २००, ३०, ९० आहेत. हा नेमका कोणता गुलाबी? नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. साडी 'साडेपाच' आहे असं कुणी म्हटलं, तर साडेपाच मीटर की साडेपाच वार हे विचारावंच लागतं. मीटर असेल तर सहावारी पुरी होते, वार असेल तर पदर आखूड पडतो. रंगाच्या आकड्यांना असं एकक पुरवते ती फाइलला जोडलेली छोटी नोंद, म्हणजे कलर प्रोफाइल.

वेबचं ठरलेलं एकक आहे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. त्यातला पांढरा साधारण ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा असतो, आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ किंवा गडद दिसतात ते ठरवणारा आकडा, अंदाजे २.२. फाइलला प्रोफाइल जोडलेलंच नसेल, तर आजचे ब्राउझर ढोबळमानाने ती एसआरजीबी आहे असं धरून चालतात.

घोटाळा होतो तो इथेच. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडलेलं असतं, किंवा आयफोन आपला फोटो डिस्प्ले पी३ मध्ये ठेवतो. या दोन्हींची रंगांची व्याप्ती एसआरजीबीपेक्षा मोठी आहे. पी३ ची जवळपास पावपट जास्त. अशा फाइलवरचं प्रोफाइल गळून पडलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवतो आणि साडी धुवट दिसते. लाल विटकरीकडे झुकतो, हिरव्यातला तजेला जातो. आकडा एकही बदललेला नसतो, हरवलेलं असतं फक्त एकक.

जुन्या लेखांमध्ये भेटणारे दोन सल्ले आता सोडून द्या. पहिला, '२१६ वेब-सेफ रंगच वापरा'. तो स्क्रीनला एका वेळी २५६ रंगच दाखवता येत होते त्या काळातला आहे. दुसरा, 'मॅकसाठी फोटो वेगळा गडद करा'. मॅकचा ठरीव गॅमा पूर्वी १.८ होता, म्हणून एकच फोटो विंडोजवर गडद आणि मॅकवर उजळ दिसे. २००९ मध्ये स्नो लेपर्ड आलं तेव्हा ॲपलने गॅमा २.२ केला आणि तो प्रश्न संपला.

आधी आपला पडदा

ज्या स्क्रीनवर तुम्ही रंग ठरवता तीच निळी झाक मारत असेल, तर तुम्ही नकळत प्रत्येक फोटो पिवळा कराल. म्हणून रंगाचं काम सुरू करण्याआधी विंडोजमधलं नाइट लाइट, मॅकवरचं नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन बंद करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'व्हिव्हिड', 'गेम', 'सिनेमा' असले प्रकार असतील तर त्यांऐवजी 'एसआरजीबी' किंवा 'स्टँडर्ड' निवडा. स्क्रीन सुरू करून अर्धा तास होऊ द्या. मागे खिडकी किंवा डोक्यावर रंगीत दिवा नको.

मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर आणखी एक तपासणी करा. काही वेळा ग्राफिक्स कार्ड टीव्हीच्या पद्धतीने १६ ते २३५ इतकेच आकडे पाठवतं आणि मॉनिटर ० ते २५५ ची वाट बघत बसतो. मग काळा राखाडी दिसतो आणि सगळं चित्र धुक्यातलं वाटतं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज 'फुल' केली की झालं.

विंडोजच्या शोधपट्टीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' टाकलं तर डोळ्यांनी जुळवायचं एक साधन उघडतं. मॅकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधून तसंच मिळतं. काहीच न करण्यापेक्षा ते बरं, पण डोळा रंगाला चटकन सरावतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. रोज फोटोंचं काम असेल तर स्क्रीनवर ठेवून मोजणारं कॅलिब्रेशन यंत्र घ्या. स्पायडर आणि कॅलिब्राइट ही त्यातली नेहमीची नावं. दोघातिघांत मिळून घेतलं तरी चालतं, कारण ते महिन्यातून एकदाच लागतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. हा उजेड सुरुवातीला मंद वाटेल. तसा वाटू द्या. झगझगीत स्क्रीनवर ठरवलेले फोटो दुसरीकडे अंधारे दिसतात आणि 'फोटो डार्क येतोय' ही तक्रार बहुधा तिथूनच निघते.

स्वस्त लॅपटॉप घेताना माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (रंगांच्या व्याप्तीचं जुनं टीव्हीचं माप) दिसलं, तर तो रंगाच्या कामाला घेऊ नका. असा पडदा एसआरजीबीतले दोन तृतीयांशसुद्धा रंग दाखवत नाही. कॅलिब्रेट केल्याने त्याची झाक जाते, पण जे रंग त्याच्यात नाहीतच ते कुठून येणार?

उजेड: निम्मा खेळ इथे

फोटोशॉपमध्ये तासभर घालवण्यापेक्षा दहा मिनिटं उजेडावर घालवा. खिडकीचा उजेड आणि खोलीतला पिवळा दिवा एकत्र येऊ देऊ नका. साडीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर झाली, तर ती नंतर सुधारणं अतिशय कटकटीचं. एक तर थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, नाहीतर सगळे दिवे एकाच प्रकारचे लावा. एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा जास्त आहे का ते बघा, आणि दिलेला असेल तर आर९ हा आकडाही. आर९ गडद लाल किती खरा दिसतो ते सांगतो. साध्या एलईडीत नेमका तोच मार खातो, आणि आपल्याकडे लाल आणि डाळिंबी साड्या तर सगळ्यात जास्त. भिंतीचाही रंग साडीवर उतरतो. पोपटी भिंतीच्या हॉलमध्ये काढलेली पांढरी साडी पांढरी येतच नाही.

दोन कापडं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात, हेही लक्षात ठेवा. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये मॅचिंग वाटलेला ब्लाउज पीस बाहेर आल्यावर का फसतो, त्याचं कारण हेच. म्हणून रंग ताडून बघताना कापड आणि स्क्रीन यांची तुलना दिवसाच्या उजेडातच करा.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कोणत्याही रंगाचा असला तरी पांढरा पांढराच दाखवण्याची कॅमेऱ्याची सेटिंग. ऑटोवर ठेवला आणि चौकट भरून लाल साडी आली, की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे. तो लाल कमी करतो. पुढची साडी हिरवी असेल तर उलट दिशेने ओढतो. एकाच उजेडात काढलेल्या दहा साड्या दहा तऱ्हांच्या येतात. उपाय साधा आहे: फोटोग्राफीच्या दुकानात राखाडी कार्ड मिळतं, ते साडीवर ठेवून पहिला फोटो काढा. फोटो रॉ प्रकारात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असाल तर नंतर ड्रॉपरने त्या राखाडीवर क्लिक करायचं आणि तीच सेटिंग सगळ्या फोटोंना लावायची. फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा स्वतः ठरवून तसाच ठेवा, आणि फोटो आपोआप 'सुंदर' करणारी सेटिंग बंद करा. नेहमीच्या साध्या कागदाने व्हाइट बॅलन्स करू नये, कारण त्यात चकाकी आणणारी निळसर द्रव्यं असतात. आणखी नेमकं काम हवं असेल तर २४ रंगीत चौकटींचा कलर चेकर मिळतो. १९७६ पासून तो वापरात आहे आणि त्यावरून तुमच्या कॅमेऱ्याचं खास प्रोफाइल बनवता येतं.

साड्यांमध्ये तीन अडचणी नेहमीच्याच आहेत.

गडद लाल आणि राणी रंगात लाल आकडा २५५ ला टेकतो आणि निऱ्यांच्या घड्या सपाट होतात. उजेड-छायेचा एकत्रित आलेख ठीक दिसतो, म्हणून हे कळत नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगवेगळे बघा. लाल उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर थोडं खाली आणा.

धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा. तिचा एकच 'खरा' रंग नसतोच. एक फोटो समोरून आणि एक तिरक्या कोनातून, असे दोन द्या आणि वर्णनात तसं लिहा.

जर म्हणजे चकाकी, आणि चकाकी ही रंग नाही. एका बाजूने मऊ उजेड देऊन पदराची एखादी घडी चमकू द्या. सपाट उजेडात सोनेरी जर हळदी-मातकट दिसते, आणि मग लोक सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवून ती नारिंगी करून ठेवतात.

फाइल बनवणं

सगळ्यात आधी आलेली फाइल कोणत्या प्रोफाइलची आहे ते बघा. डीएसएलआर कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी लावलेलं असेल तर फाइलचं नाव अंडरस्कोअरने सुरू होतं, हा ओळखण्याचा सोपा मार्ग. आयफोनची फाइल पी३ धरूनच चाला. छपाईवाल्याकडून किंवा कोरलड्रॉ वापरणाऱ्या डिझायनरकडून आलेली जेपीजी कित्येकदा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत असते. ती तशीच वेबवर टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. फोटोशॉपच्या एडिट मेनूत शेजारीशेजारी दोन आज्ञा आहेत: 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात, एकक बदलतं, म्हणजे दिसणारा रंग बदलतो. कन्व्हर्ट केल्यावर रंग तोच राहावा म्हणून आकडे नव्याने मोजले जातात. वेबसाठी लागतं ते कन्व्हर्ट. तिथे 'एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१' निवडा. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम इमेज मेनूतल्या 'कलर मॅनेजमेंट'खाली आहे. रंगांची सगळी दुरुस्ती मोठ्या व्याप्तीत आणि १६ बिटमध्ये (म्हणजे ० ते २५५ पेक्षा कितीतरी बारीक पायऱ्यांत) करा आणि कन्व्हर्जन अगदी शेवटी, वेबसाठीच्या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका.

मोरपिशी, चटक राणी आणि काही पोपटी छटा एसआरजीबीच्या बाहेर पडतात. त्या कन्व्हर्ट होताना कडेला कापल्या जातात आणि विणकामातलं बारीक काम एकाच रंगाच्या डागात विरघळतं. तिथल्या यादीत 'पर्सेप्च्युअल' (बाहेरचे रंग हळुवार आत ओढून घेणारा पर्याय) निवडलं की हे टळेल असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलला त्याने काहीही फरक पडत नाही, कारण तसं मऊ सामावून घेण्याचा तक्ताच त्या प्रोफाइलमध्ये नसतो. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतून 'प्रूफ सेटअप' एसआरजीबी करा, 'गॅमट वॉर्निंग' लावा, आणि जिथे राखाडी ठिपके दिसतील त्याच रंगाचं सॅच्युरेशन हाताने थोडं कमी करा. रंग किंचित नरम होतो, पण बुट्टी आणि मोर शाबूत राहतात. दोन्हीतलं एकच मिळणार असेल, तर मी पोत निवडतो.

एक्स्पोर्ट करताना 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्ही चौकटींवर खूण हवी. गिंपच्या जेपीजी खिडकीत 'सेव्ह कलर प्रोफाइल' असतं. नेहमीचं एसआरजीबी प्रोफाइल जेमतेम ३ केबीचं असतं. तेवढे वाचवायला ते काढून टाकण्यात काहीच हशील नाही. ब्राउझर नाहीतरी एसआरजीबी धरणारच, मग जोडायचं कशाला, असा प्रश्न येईल. उत्तर असं की सगळीच सॉफ्टवेअर तसं धरत नाहीत. विस्तृत रंगांच्या मॉनिटरवर फायरफॉक्स वर्षानुवर्षं प्रोफाइल नसलेले फोटो जसेच्या तसे पडद्यावर फेकत आला आहे, आणि तिथे साडी अंगावर येईल इतकी भडक दिसते.

जेपीजी जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ ठेवते. त्यामुळे काळ्या साडीवरची बारीक लाल रेघ फिसकटते आणि मळकी दिसते. गिंपच्या प्रगत पर्यायांमध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती अजिबात न गाळणारं केलं की ती टिकते. वेबपी या वेबसाठीच्या फाइलीच्या नेहमीच्या प्रकारात ही सोय नाही, तिथे रंग ढोबळ ठेवणारं ४:२:० च मिळतं. म्हणून काठाच्या जवळून घेतलेल्या फोटोंना मी जेपीजीच ठेवतो. एव्हिफ या आणखी एका फाइल प्रकारात ४:४:४ जमतं.

वेबसाइटवर चढवताना होणारी गळती

इतकं सगळं करून फाइल वेबसाइटवर जाते आणि तिथलं एखादं 'इमेज ऑप्टिमायझर' प्लगइन मेटाडेटासोबत, म्हणजे फाइलमधल्या इतर नोंदींसोबत, प्रोफाइलही पुसतं. वर्डप्रेसवर एक खास प्रकार दिसतो: मोठा फोटो ठीक असतो, पण यादीतले छोटे फोटो फिके. सर्व्हरवर फोटो लहान करायला पीएचपीची जीडी लायब्ररी वापरली जात असेल तर ती प्रोफाइल टाकून देते आणि आकडे काही कन्व्हर्ट करत नाही. तिच्याऐवजी इमॅजिक ही दुसरी लायब्ररी असेल तर वर्डप्रेस प्रोफाइल जपतं. होस्टिंगवाल्याला विचारून इमॅजिक सुरू करून घ्या. वेबपी बनवणारं सीवेबपी हे साधनही सांगितल्याशिवाय प्रोफाइल सोबत नेत नाही. त्याला मेटाडेटाच्या पर्यायात आयसीसी (म्हणजे कलर प्रोफाइल) असं द्यावं लागतं.

म्हणूनच कन्व्हर्ट आणि एम्बेड दोन्ही करायचं. वाटेत प्रोफाइल गळलं तरी आकडे एसआरजीबीचेच असतात, त्यामुळे नुकसान अगदी थोडं.

तुमची वेबसाइट प्रोफाइल जपते का, ते ओळखायची एक युक्ती. एखाद्या फोटोची प्रत घ्या, तिला मुद्दाम चुकीचं, फार मोठ्या व्याप्तीचं 'प्रोफोटो आरजीबी' असाइन करा (कन्व्हर्ट नव्हे), प्रोफाइल जोडून सेव्ह करा आणि चढवा. पानावर फोटो भयानक भडक दिसला तर प्रोफाइल शाबूत पोचलं. नेहमीसारखा शांत दिसला तर वाटेत कुणीतरी ते पुसलं. मोठा आणि छोटा, दोन्ही फोटो तपासा आणि झाल्यावर ती प्रत पुसून टाका.

फोटोची पार्श्वभूमी पानाच्या रंगाशी जुळवायची हौस असेल तर फोटोला तोच क्रीम रंग भरत बसू नका. जेपीजीच्या दाबण्यात एखादा आकडा इकडेतिकडे होतो आणि चौकोनाची कड दिसते. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी किंवा वेबपी वापरा. जुन्या पीएनजी फाइलींमध्ये गॅमाची स्वतंत्र नोंद असते आणि तिच्यामुळेही रंग सरकतो. नव्याने एक्स्पोर्ट केल्यावर हा प्रश्न राहत नाही.

नव्या फोनांसाठी पी३ ची वेगळी प्रत देता येते, ब्राउझर स्क्रीनची व्याप्ती विचारून त्यातली योग्य फाइल उचलतो. तंत्र चांगलं आहे. पण प्रत्येक साडीच्या दोन प्रती सांभाळायच्या, दोन्हींचा रंग तपासायचा, हे चारपाच माणसांच्या दुकानाला परवडत नाही असं माझं मत.

तपासणी

आपली स्क्रीन, एक साधा अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन, एवढ्यावर बघितलं तरी पुरे. सॅमसंगच्या फोनात डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन मोड' असतो; 'व्हिव्हिड'मध्ये रंग मुद्दाम चढवलेले असतात, 'नॅचरल'मध्ये ते प्रमाणाजवळ येतात. दोन्ही लावून बघा, म्हणजे गिऱ्हाइकाला काय दिसतं याचा अंदाज येईल. मात्र व्हिव्हिडमध्ये भडक दिसलं म्हणून फाइलमधला रंग उतरवू नका. एका स्क्रीनची खोड भरून काढायला गेलात की बाकी सगळ्या स्क्रीनवर बिघडतं. तपासताना वेबसाइटचं पानच उघडा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुन्हा दाबलेला असतो, त्यावरून निर्णय नको. कुणाला पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहिलेला फरक शब्दांनी भरून काढा. 'पर्पल' लिहिण्याऐवजी वांगी, आमसुली, जांभळा यांतला जो असेल तो लिहा. 'पिंक'ऐवजी राणी, गुलबक्षी की अबोली ते लिहा. सोबत 'फोटो दिवसाच्या उजेडात काढला आहे, पिवळ्या दिव्याखाली रंग गडद दिसेल' अशी ओळ द्या. महाग पैठणी असेल तर गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर खिडकीपाशी साडी दाखवा, आणि त्या वेळी शेजारी त्याच्या ओळखीची एखादी वस्तू धरा, हळदीची पुडी किंवा नवी कोरी वही. फोनचा कॅमेरा रंग कुठे ओढतोय ते त्यालाही लगेच कळतं.